सही केलेले रकाने : रुग्णालयाच्या व्यवस्थापन मंडळाला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
व्यवस्थापन मंडळ

विषय : कर्मचारी समाधान सर्वेक्षणाचा निष्कर्ष आणि रिक्त पदांबाबतचं परिपत्रक

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात मुख्य इमारतीच्या सूचनाफलकावर तुमचे दोन कागद एकाच दिवशी लागले. जागा कमी होती म्हणून असेल, पण लावणाऱ्याने दोन्ही एकाच टाचणीत अडकवले होते. वरच्या कागदावर कर्मचारी समाधान सर्वेक्षणाचा निष्कर्ष होता. यंदा राजीनामे कमी झाले, त्यावरून कर्मचाऱ्यांचं समाधान आणि संस्थेप्रती बांधिलकी वाढल्याचं दिसतं, मंडळ सर्वांचं अभिनंदन करतं, असा मजकूर. तो उचलून खालचा वाचला. निवृत्तीमुळे रिकामी झालेली पदं पुढील आदेशापर्यंत भरली जाणार नाहीत, काम उपलब्ध मनुष्यबळात समायोजित करावं, आणि गरज पडल्यास साप्ताहिक सुट्टी रद्द करण्याचे अधिकार विभागप्रमुखांना राहतील.

मी नाइट संपवून निघाले होते. दोन्ही कागद दोनदा वाचले. घरी जाऊन पडले, पण डोळा लागेना, म्हणून हे लिहायला घेतलं. मेट्रनबाईंमार्फत रीतसर अर्ज याआधी तीनदा दिले आहेत. त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत, उत्तरं नाहीत. म्हणून या वेळी पत्र उघडं. रुग्णांच्या नातेवाइकांनीही वाचलं तर बरंच आहे. रात्री दोन वाजता 'सिस्टर, कधीपासून हाका मारतोय' म्हणून अंगावर येणाऱ्या माणसाला आमची बाजू सांगायला तेव्हा उसंत नसते.

मी मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. इथे एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी राजीनामा दिलेला नाही, म्हणजे तुमच्या हिशेबाने मी समाधानीही आणि बांधीलही. तर मी का थांबले ते आधी सांगते. पहिली सात-आठ वर्षं काम आवडत होतं म्हणून थांबले. मधली काही वर्षं माणसांसाठी थांबले. आमच्या जुन्या इन्चार्ज सिस्टरांनी मला हाताला धरून शिकवलं होतं, त्यांना अडचणीत टाकून निघून जाणं बरं दिसेना. गेली पाच-सहा वर्षं मात्र थांबले आहे ते घराचं कर्ज आहे म्हणून, दुसरीकडे गेले तर पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागेल म्हणून, आणि या वयात कायम नोकरीवर कुणी घेत नाही म्हणून.

जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली बांधिलकीची हीच तीन रूपं मांडली आहेत. माणूस संस्थेत राहतो तो मनापासून, किंवा राहणं आपलं कर्तव्य वाटतं म्हणून, किंवा सोडणं परवडत नाही म्हणून. हजेरीपटावर तिघांची सही सारखीच दिसते. काम मात्र सारखं होत नाही, हे वॉर्डात एक पाळी काढलेल्या कुणालाही कळेल. तुमच्या सर्वेक्षणाने तिसऱ्या प्रकारची माणसं मोजली आणि अभिनंदन पहिल्या प्रकारच्या माणसांचं केलं. बाहेर नोकऱ्या आटल्या की राजीनामेही आटतात, एवढाच त्या आकड्याचा अर्थ असू शकतो, ही शंका मंडळात कुणाला आली नाही याचं नवल वाटतं.

बांधिलकी कशी जाते, हे मोघम सांगून समजणार नाही. एका रात्रीचं सांगते.

वॉर्ड चौतीस खाटांचा, त्या रात्री रुग्ण अडतीस. चौघे व्हरांड्यात ट्रॉलीवर. सिस्टर आम्ही दोघी. सतरा नंबरला पक्षाघाताचे आजोबा होते, अंगाने भरलेले, उजवी बाजू पूर्ण गेलेली. अशा माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाही दिली तर माकडहाडावर, टाचांवर दाब येऊन तिथली कातडी मरते आणि बेडसोर होतो. त्यांना वळवायला दोन माणसं लागायची. वॉर्डबॉय मामा त्या रात्री दोन वॉर्डांत मिळून एकच, ते ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला गेले आणि तिथून एक रुग्ण घेऊन एक्स-रेला अडकले. दहा वाजता आम्ही दोघींनीच जोर लावून आजोबांना वळवलं. बारा वाजता नवीन ॲडमिशन आली, उलट्यांनी सुकलेली, तिची शीर सापडेना. दोनला नऊ नंबरची बाई गेली. डॉक्टर येईपर्यंतची धावाधाव, मग तिचा मुलगा, मग कागद, मग सगळं आवरणं. चारला दोघांच्या सलाइन शिरेबाहेर गेलेल्या आणि एक जण बाथरूमच्या दारात पडलेला.

साडेपाचला फायली पूर्ण करायला बसले. पोझिशन चार्टवर, म्हणजे कूस बदलल्याच्या नोंदीच्या तक्त्यावर, दहाच्या रकान्यात माझी सही होती. बारा, दोन आणि चारचे रकाने कोरे. मी एका पेनाने, एका दमात तिन्हींत सह्या केल्या. डावी कूस, पाठ, उजवी कूस. हात अडखळला नाही. पुढे कितीतरी दिवस मला तेच आठवत राहिलं, की हात अडखळला नाही.

तिसऱ्या दिवशी आजोबांच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. आठवड्यात तिथली कातडी फुटली. राउंडला मोठ्या डॉक्टरांनी चार्ट मागवला. चार्ट पूर्ण होता. 'एवढी काळजी घेऊनही होतं कधी कधी,' म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. आजोबांची मुलगी रोज संध्याकाळी यायची, तिने जाताना माझे हात हातात घेऊन आभार मानले. मेमो मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगते आहे. कारवाई करायची असेल तर जरूर करा, माझी ना नाही. पण मग त्या महिन्यातले सगळ्या वॉर्डांचे चार्ट रेकॉर्ड रूममधून काढा आणि बारा, दोन, चारच्या सह्यांची शाई शेजारी शेजारी ठेवून बघा.

अमेरिकेतल्या बीट्रिस कॅलिश या संशोधिकेने २००६ साली नर्सेसशी बोलून अशा राहून गेलेल्या शुश्रूषेची नोंद केली. रुग्णाला चालवणं, वळवणं, वेळेवर भरवणं, त्याच्याशी बोलणं, घरी गेल्यावर काय करायचं ते समजावणं, ही कामं राहतात. आमच्याकडेही हीच राहतात. इंजेक्शन सहसा राहत नाही, कारण त्याची विचारणा होते. काम का राहतं, याच्या कारणांत माणसं कमी असणं तर होतंच, पण तिने 'सवय' हेही एक कारण नोंदवलं आहे. ते वाचताना मी पान उलटून ठेवलं होतं.

आता तक्रारी. एकेक सांगते. काहींना जागा जास्त लागेल.

पहिली तक्रार माणसांच्या हिशेबाची. तुम्ही खाटा मोजता, खाटेवर कोण आहे ते मोजत नाही. उद्या घरी जाणारा धडधाकट मुलगा आणि सतरा नंबरचे आजोबा तुमच्या कागदावर एक-एकच. व्हरांड्यातल्या चार ट्रॉल्या तर कागदावर नसतातच, कारण मंजूर खाटा चौतीस. लिंडा एकेन या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. त्याच एका रुग्णामागे नर्स पार थकून आटून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि नोकरीबद्दल असमाधानी असण्याची १५ टक्क्यांनी वाढलेली होती. पुढे २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला, मृत्यूच्या बाबतीत तिथेही ७ टक्केच निघाले. आणि पेनसिल्व्हेनियात तुलना चालली होती ती नर्समागे चार रुग्ण की आठ, याची. आमच्या नाइटला नर्समागे एकोणीस.

म्हणून म्हणते, तुमच्या त्या टाचणीने योग्य तेच केलं होतं. समाधानाचा कागद आणि पदं न भरण्याचा कागद हे एकाच विषयाचे दोन कागद आहेत. फक्त एकाने दुसऱ्याला खोटं पाडलं आहे.

दुसरी तक्रार वेळांची. आमचा रोस्टर शनिवारी संध्याकाळी लागतो, तोही त्यापुढच्या आठवड्याचा नव्हे, परवाच्या सोमवारपासूनचा. लागल्यावर तो टिकेल याची खात्री नाही. सकाळची रिलीव्हर आली नाही की नाइटच्या सिस्टरने दुपारपर्यंत थांबायचं. कुणाचं लहान मूल घरी आहे, कुणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, हे विचारायची पद्धत नाही. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली दाखवून दिलं, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते. एखादी सिस्टर पिऊन ड्युटीवर आली तर तुम्ही तिला त्याच तासाला घरी पाठवाल, आणि पाठवायलाच हवं. अठराव्या तासाला डोळे ताणून इन्शुलिनची सिरिंज भरणाऱ्या सिस्टरला मात्र आपल्याकडे 'सहकार्याबद्दल धन्यवाद' असतं. नर्सेसच्याच रोजच्या नोंदींवरून २००४ साली एक अभ्यास झाला होता. साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम केलेल्या पाळीत चूक होण्याची शक्यता तिप्पट दिसली. दोन पाळ्यांमध्ये सलग बारा तासांची विश्रांती हवी आणि पाळ्यांचं वेळापत्रक पुरेसं आधी मिळायला हवं, ही शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली केली. तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणी जन्मल्याही नव्हत्या.

तिसरी तक्रार ऐकायला किरकोळ वाटेल, पण मला विचाराल तर माणूस याच गोष्टीने जास्त खचतो. आमचा दिवस आमच्या कामात जात नाही. चादरी मोजून लॉन्ड्रीला देणं, सामानाच्या मागणीचा इंडेंट भरून स्टोअरच्या खिडकीशी उभं राहणं, लॅबला फोन करकरून रिपोर्ट मागणं, हरवलेली फाइल शोधणं, संगणकात भरलेलंच पुन्हा रजिस्टरात उतरवणं. 'संगणकीकरण झालं, आता लिखापढी अर्धी होईल' असं तुम्हीच सांगितलं होतं. ती दुप्पट झाली, कारण रजिस्टर बंद करायची हिंमत कुणी केली नाही. बोटाला लावून ऑक्सिजन बघायचं यंत्र दोन वॉर्डांत मिळून एक आहे, आणि बघावं तेव्हा ते दुसऱ्या वॉर्डात असतं. आमच्या बीपीच्या यंत्राचा फुगा गळतो. त्याला गेल्या वर्षापासून चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. नवीन मुलींना आम्ही पहिल्या दिवशी बीपी घ्यायला नव्हे, ती पट्टी कुठे दाबून धरायची ते शिकवतो. कपाटाची किल्ली एका जणीकडे, ती जेवायला गेली की आम्ही दाराशी.

रॉबर्ट कॅरॅसेक यांनी १९७९ साली मांडलेलं एक साधं सूत्र आहे. कामाचा रेटा मोठा असला आणि ते काम कसं करायचं हे ठरवायची मुभा हातात नसली, की माणसावरचा ताण सर्वांत जास्त असतो. दुरुस्तीसाठी गेलेलं यंत्र परत कधी येणार हे मला विचारता येत नाही, रुग्ण वाढले म्हणून एखादी जादा सिस्टर मागवता येत नाही, वॉर्ड भरला म्हणून सांगता येत नाही. पण बेडसोर झाला तर खुलासा माझा. नुसतं काम जास्त असतं तर आम्ही निभावलं असतं. साथीच्या दिवसांत निभावलंच की. तेव्हा काय लागतं ते आम्ही सांगायचो आणि ते संध्याकाळपर्यंत यायचं. ते दिवस भयंकर होते, पण मला विचारलंत तर तेव्हा मन इतकं मेलेलं नव्हतं.

चौथी तक्रार मावशी, मामा, सफाईची माणसं आणि लॅबमधल्या कंत्राटी मुलांची. ती माझ्या तोंडून येते आहे, कारण त्यांनी बोललं तर पुढचं कंत्राट होत नाही. आमच्या वॉर्डातल्या मावशी इतकी वर्षं इथे आहेत, की नवीन डॉक्टर ड्रेसिंगची ट्रॉली कशी लावायची ते त्यांना विचारतात. सर्वेक्षणाची प्रश्नावली त्यांना दिलीच नाही, त्या 'आपल्या कर्मचारी' नाहीत म्हणे. आजारी पडल्या तर पगार कापला जातो, म्हणून त्या ताप अंगात घेऊन रुग्णांना पुसतात. जंतुसंसर्ग नियंत्रण समितीने याचा विचार करावा. संस्थेने एखाद्याला दर काही महिन्यांनी 'तू आमची नाहीस' असं लेखी द्यायचं आणि त्याच्याकडून आपलेपणाची अपेक्षा करायची, हे मला तरी जमत नाही समजायला.

पाचवी, सुरक्षेची. सुरक्षारक्षक मुख्य फाटकावर असतो, मार आम्हाला वॉर्डात बसतो. याहून जास्त लिहीत नाही, मागच्या प्रकाराचा पंचनामा तुमच्याकडे आहे.

आणि सहावी, विश्रांतीच्या खोलीची. दोन कॉट आणि एक आरसा असलेली आमची खोली गेल्या वर्षी काढून घेतली आणि तिथे 'तणावमुक्ती कक्ष' केला. तो कुलूपबंद असतो. तिथेच मागच्या महिन्यात तणाव व्यवस्थापनाची कार्यशाळा झाली, सकाळी दहा वाजता, नाइट करून आलेल्यांना सक्तीची. मार्गदर्शकांनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. अर्ध्या जणी झोपल्या. मंडळाच्या सगळ्या उपक्रमांत मला तोच तेवढा फळाला आलेला वाटतो.

कामाने पार आटून जाण्याच्या या अवस्थेची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'बर्नआउट' या नावाने केली आहे. तिला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलं आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण आजार माझा असतो आणि कामाचं ठिकाण तुमचं. तिथे तीन खुणा दिल्या आहेत. अंगातली शक्ती संपून जाणं, कामापासून मनाने लांब जाणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पहिली आणि तिसरी खूण सगळ्यांना लगेच कळते. दुसरी माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक नवीन मुलगी लागली. पहिल्याच महिन्यात तिला सगळ्या रुग्णांची नावं पाठ. एका म्हातारीचे केस गुंतून जट झाली होती, तर ही ड्युटी संपल्यावर थांबून तासभर तेल लावून एकेक बट सोडवत बसली होती. मीच तिला म्हटलं, 'घरी जा गं, उद्या परत यायचंय.' हल्ली ती 'सतराला सलाइन लाव, बावीस ओरडतोय' असं बोलते. वाईट बोलत नाही, चूक करत नाही, वेळेवर येते, वेळेवर जाते. परदेशातल्या नोकरीची परीक्षा देते आहे. तुमच्या राजीनाम्यांच्या आकड्यात ती अजून नाही, त्यामुळे अभिनंदन तिचंही झालं आहे. आणि ती ही भाषा कुणाकडून शिकली? वर मी आजोबांबद्दल लिहिलं, तेव्हा मीही त्यांना सतरा नंबरच म्हटलं. त्यांचं नाव मला आठवत नाही.

'ही नोकरी नाही, सेवा आहे' हे वाक्य दर १२ मेला, परिचारिका दिनी, आम्हाला ऐकवलं जातं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीपुढे आम्ही दिवा लावतो, तुम्ही भाषण करता. त्या बाईंचा दिवा सगळ्यांच्या लक्षात राहिला, त्यांचे आकडे राहिले नाहीत. क्रिमियाच्या युद्धात जखमांनी मेले त्याहून कितीतरी जास्त सैनिक रोगांनी मेले, हे त्यांनी तक्ते काढून सरकारपुढे मांडलं, आणि सुधारणा होईपर्यंत मंत्र्यांची पाठ सोडली नाही. १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सदस्यत्व दिलं, तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. सेवा म्हणजे निमूट सोसणं असा अर्थ त्यांनी तरी काढला नव्हता. पुढच्या १२ मेच्या भाषणात एवढं घ्यावं, ही विनंती. ती मागण्यांत धरू नये.

पैसे कुठून आणायचे, हे तुम्ही विचारणार. तो प्रश्न खोटा नाही. रुग्णालय चालवायला काय लागतं याचा मला पुरता अंदाज नाही, आणि मंडळातले सगळेच निर्दय आहेत असंही मी मानत नाही. पण कमी माणसांत चालवणं स्वस्त पडतं हे कुणी तपासून पाहिलं आहे का? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २०१६ साली ठरावीक सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत दिवसा चार रुग्णांमागे एक आणि रात्री सात रुग्णांमागे एक नर्स असं किमान प्रमाण बंधनकारक केलं. त्याचा ताळेबंद २०२१ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांचा मुक्काम कमी झाला, घरी जाऊन पुन्हा भरती होणारे कमी झाले, आणि त्यातून वाचलेला खर्च जादा नर्सेसवरच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. कॅलिफोर्नियाने तर असं प्रमाण १९९९ साली कायद्यात घातलं आणि २००४ पासून लागू केलं. आपली परिस्थिती त्यांच्यासारखी नाही, मान्य. पण आजोबांचा बेडसोर भरून यायला पुढे किती आठवडे गेले, किती ड्रेसिंग लागली, किती अँटिबायोटिक गेलं, त्याचं बिल हिशेब विभागाने एकदा काढावं. ते कुणीतरी भरलंच आहे.

आमच्या मागण्या अशा :

रिक्त पदं न भरण्याचं परिपत्रक मागे घ्या आणि निवृत्त झालेल्यांच्या जागा भरायला लागा.

सर्वसाधारण वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे दहापेक्षा जास्त रुग्ण असणार नाहीत, हे सहा महिन्यांत करून दाखवा. दहाही जास्तच आहेत, ही पहिली पायरी समजा. गंभीर रुग्णांचा हिशेब वेगळा करा, आणि व्हरांड्यातली ट्रॉलीसुद्धा खाट म्हणून मोजा.

रोस्टर दोन आठवडे आधी लावा. दोन ड्युट्यांमध्ये बारा तास सुटलेच पाहिजेत. डबल ड्युटी अगदीच टळत नसेल तर तिचा हुकूम लेखी असावा, खाली अधिकाऱ्याचं नाव असावं, आणि बदली सुट्टी त्याच पंधरवड्यात मिळावी.

प्रत्येक वॉर्डाला प्रत्येक पाळीत स्वतःचे मामा किंवा मावशी आणि दिवसा एक कारकून द्या. संगणक आणि रजिस्टर यांतलं एक बंद करा, कुठलंही.

कंत्राटी माणसांना आजारपणाची भरपगारी रजा द्या, आणि पुढच्या सर्वेक्षणात त्यांनाही विचारा.

विश्रांतीची खोली परत द्या. आरसा नसला तरी चालेल.

वॉर्डाच्या दारावर रोज एक फलक लावा. आज रुग्ण किती, या पाळीत सिस्टर किती. एवढंच. नातेवाइकांना ते वाचता येऊ दे.

शेवटची मागणी बिनखर्ची आहे, पण माझ्या लेखी सर्वांत मोठी. जे काम झालं नाही, त्याचा रकाना कोरा ठेवायची आणि शेजारी कारण लिहायची मुभा आम्हाला द्या. 'माणूस नव्हता', 'दुसरा रुग्ण अत्यवस्थ होता', जे असेल ते. त्या कोऱ्या रकान्यांबद्दल कुणाला मेमो निघणार नाही, असं लेखी द्या आणि महिन्याच्या शेवटी ते मोजून मंडळाच्या बैठकीत ठेवा. आमच्या समाधानाचं सर्वेक्षण करायचंच असेल तर त्या कागदांवरून करा. त्यात कुणाला खोटं बोलावं लागणार नाही.

हे पत्र पोचल्याची पावती मेट्रन ऑफिसमधून घेतली आहे, ही चौथी. सोमवारपासून माझी पुन्हा नाइट आहे. तुमचं लेखी येवो न येवो, त्या रात्रीपासून जे माझ्या हातून झालेलं नसेल त्या रकान्यात मी सही करणार नाही.

आपली,
मेडिसिन वॉर्डातली एक सिस्टर